दहापैकी किती

मी हायस्कूलमध्ये गणित आणि विज्ञान शिकवते, कणकवलीला. सव्वीस वर्षं झाली. पहिल्या दिवसापासून माझ्या वर्गात एकच कायदा आहे: उत्तरापुढे एकक नसेल तर गुण शून्य. "बाई, पाच आलं." पाच काय? पाच किलो, पाच मीटर, की पाच म्हशी? पोरं माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि ते फारसं खोटंही नाही. मी तापट आहे. लवकर चिडते, लवकर निवते, आणि मधल्या वेळात जे बोलून जाते त्याचा नंतर पश्चात्ताप करते.

आणि असल्या बाईला देवाने बाप कुठला द्यावा? तर ज्याने उभ्या जन्मात एकही गोष्ट धड आकड्यात सांगितली नाही असा.

बाबा तोंडवलीचे रापणकर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकून यायचं, मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून गावातल्या पंचवीस-तीस माणसांनी वाळूत टाचा रोवून ओढत राहायचं. आता पर्यटक येतात, दोरीला हात लावून फोटो काढतात, आणि पाच मिनिटांत तळहात बघत होम-स्टेवर परत जातात. बाबांनी ती दोरी पन्नासेक वर्षं ओढली. त्यांच्या तळहातावर मी लहानपणी पेन्सिलीने लिहायचे, त्यांना कळायचंही नाही.

त्यांची मापं त्यांच्या अंगाला चिकटलेली. पाणी किती खोल, तर अमुक वाव. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेवढं होईल तेवढं. बरं, हात कोणाचे? ज्याचे त्याचे! शेजारचं गाव किती लांब, तर "दोन विडये ओढीसर," म्हणजे दोन विड्या ओढून होईस्तोवर. किती वाजले, तर "भरती लागली." मला शाळेत घालताना मास्तरांनी जन्मतारीख विचारली तेव्हा बाबा म्हणाले, "त्या मोठ्या वादळाच्या आदल्या पावसातला ह्यां चेडू." मास्तरांनी आपल्या मनाने एक तारीख लिहून टाकली. तीच आज माझ्या आधार कार्डावर आहे. एककाशिवाय गुण न देणाऱ्या बाईची जन्मतारीख मास्तरांच्या मनातली. हसा, हसा. नवराही दर वाढदिवसाला हसतो.

रापणीला मिळालेला बरा मासा व्यापाऱ्याकडे जायचा. पण घरी खायला म्हणून जो राखायचा, त्याचे वाळूवर वाटे पडायचे, आणि ते वाटे घालायचं काम बाबांचं होतं. जेवढी माणसं दोरीला, तेवढे वाटे. ज्याचं जाळं त्याला जाळ्याचा एक जास्त, ज्याची होडी त्याला होडीचा एक. बाकी सगळ्यांना एकेक, मग तो पहिलवान असो नाहीतर काडी पैलवान. तराजू नाही, काटा नाही. बाबा टोपली घेऊन ढिगाऱ्यांमधून फिरायचे. इकडचा बांगडा तिकडे, तिकडची दोन तारली इकडे, जरा मागे सरून मान तिरकी करून बघायचं, पुन्हा एक पेडवा उचलायचा. मग एकजण वाट्यांकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करून उभा राहायचा. बाबा एका ढिगाऱ्याला काठी लावून विचारायचे, "हो कोणाचो?" पाठमोरा माणूस नाव घ्यायचा. ज्याचं नाव, त्याचा वाटा. तो "माजो वाटो माका पावलो", म्हणजे पोचला, एवढंच म्हणायचा; पुढे चकार शब्द नाही.

मी आठवीत असताना आम्हाला ताणकाटा शिकवला. स्प्रिंगला वस्तू टांगायची आणि पट्टीवर आकडा वाचायचा. मला तो इतका आवडला की सरांच्या हातापाया पडून एका दिवसासाठी घरी आणला आणि सकाळी थेट किनाऱ्यावर नेला. बाबांनी वाटे घातले, आणि कोणी काही म्हणायच्या आत मी पिशवीत भरून एकेक वाटा तोलायला लागले. एक पावणेदोन किलो, एक दीडला कमी, एक सव्वाच! मी सगळ्यांसमोर ओरडले, "बाबा, चुकला! सगळा चुकला!" बाबा चिडले नाहीत. त्यांनी सव्वा किलोचा वाटा हातात घेतला, एका बांगड्याचं अंड्यांनी भरलेलं पोट अंगठ्याने दाबून दाखवलं. "ह्येंच्यात गाबोळी आसा. पलीकडच्यांत नुसती हाडां. तुजा यंत्र सांगता तां?" मग जो हशा पिकला तो मला घरापर्यंत ऐकू येत होता. तीन दिवस मी बाबांशी बोलले नाही.

त्या तीन दिवसांत मी मनाशी काय ते ठरवून टाकलं. हे सगळं अंदाजपंचे दाहोदरसे आहे. गाबोळी बिबोळी ठीक, पण उद्या वाटे घालणारा माणूस लबाड निघाला तर? किलो कसा, कलेक्टरला हजार ग्रॅम आणि मासेवालीलाही हजार ग्रॅम. त्यात नातं नाही, वशिला नाही. जगात खरा न्याय असेल तर तो सगळ्यांना एकच माप लावण्यात आहे. हे मी पुढे बाबांनाही येता-जाता ऐकवायचे. मी विज्ञानाची शिक्षिका झाले ती बहुतेक त्या हशामुळे झाले.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका रविवारी तोंडवलीला गेले तर बाबा खाटेवर नव्हते. पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते, दिवसाढवळ्या, खुर्चीचे हात दोन्ही बाजूंनी घट्ट धरलेले. आई जाऊन सात वर्षं झाली, मी एकुलती एक, आणि बाबांना कणकवलीला ये म्हटलं तर तिकडे समुद्र कुठे आहे असं विचारतात. म्हणून ते एकटेच. दोरी सोडून बरीच वर्षं झाली तरी त्यांचा वाटा रोज कोणीतरी दारात आणून ठेवायचं, त्यामुळे जेवणाची चिंता नव्हती.

"काय झालां बाबा?"

"काय नाय गो. कंबर वायच दुखता."

वायच. आमच्या मालवणी मुलखाचा ह्या एका शब्दाने जेवढा घात केलाय तेवढा कुठल्या वादळाने केला नसेल. वायच म्हणजे थोडंसं. वायच लागला म्हणजे हाड मोडलेलं असू शकतं. वायच ताप म्हणजे माणूस बरळत असू शकतो. ह्या शब्दाला एकक नाही, वरची मर्यादा नाही, काही नाही. मी विचारलं, किती दिवस वायच? तर म्हणे, "गणपतीपासून."

गणपतीपासून! मी त्यांना तिथेच काय काय बोलले ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी करून जिल्ह्यातल्या एका इस्पितळात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर एक तरुण मुलगी होती, घाटावरची, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने मला बाहेर बाकावर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसली. ती बसली तेव्हाच मला कळलं. आजार हाडांत पोचला होता, पाठीच्या मणक्यात, कमरेत, सगळीकडे.

"बरं करणं आता आपल्या हातात राहिलेलं नाही," ती म्हणाली. "पण दुखू न देणं आहे. ते मी करू शकते. फक्त किती दुखतंय ते त्यांनी सांगायला हवं. ते दुसऱ्या कुठल्याही तपासणीत दिसत नाही, बाई."

मी मान हलवली. त्या बाकावर मी एवढंच मागितलं, देवाकडे म्हणा नाहीतर कोणाकडेही: माझ्या बापाला जितके दिवस आहेत तितके दुखल्याशिवाय जाऊ देत. मला दुसरं काही नको होतं.

बाबांना पुरुषांच्या वॉर्डात खाट मिळाली. संध्याकाळच्या फेरीला डॉक्टर आली. प्रत्येक खाटेपाशी थांबत, विचारत, लिहीत आमच्यापाशी पोचली.

"आजोबा, अजिबात दुखत नसेल तर शून्य, आणि सहनच होत नसेल तर दहा. आता सांगा, दहापैकी किती?"

खरं सांगते, इतक्या वाईट वेळीही मला बरं वाटलं. दुखण्याला आकडा! शेवटी कोणीतरी बाबांना योग्य प्रश्न विचारला होता. बाबांनी मान वळवून सगळा वॉर्ड एकदा नजरेखालून घातला, दारापासून खिडकीपर्यंत, अगदी सावकाश. मग म्हणाले, "येक."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी बाबांच्या हातांकडे पाहत होते. खाटेच्या लोखंडी कठड्याला धरलेली बोटं पांढरी पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, "येक." संध्याकाळी, "येक." तिसऱ्या दिवशी कुशीवर वळताना त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले, सिस्टरने ते पुसले, आणि ती घाम पुसत असतानाच डॉक्टरने विचारलं तर, "येक." डॉक्टर मला म्हणाली, "चेहरा निराळं सांगतोय, मला दिसतंय. मी अंदाजाने थोडं थोडं वाढवतेय. पण ह्या वयात जोराचं औषध नुसत्या अंदाजाने दिलं तर श्वास मंदावतो. तुम्ही बोलून बघा ना त्यांच्याशी."

बोलून बघा! मी दुसरं काय करत होते? सिस्टरकडून चेहऱ्यांचा तक्ता मागून आणला, हसऱ्या तोंडापासून रडक्या तोंडापर्यंत सहा तोंडं. बाबांनी तो लांब धरून पाहिला आणि हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं. "ह्यो बरो आसा. बाकीचे रडतत कित्याक?" मग मी डोकं चालवलं. म्हटलं, ह्यांच्याच भाषेतली पट्टी करू, डंख मारणाऱ्या माशांची. वहीच्या कागदावर शून्य ते दहा रेघ आखली.

"बाबा, शिंगाळ्याचो काटो लागलो तर किती?"

"तीन," बाबा लगेच म्हणाले.

"पाकटाच्या शेपटेचो?"

"बापरे. आठ."

"पाय मोडलेलो तेव्हा?"

"सात."

बघा! किती सुंदर! एवढी सरळ उत्तरं मला नववीतली पोरं देत नाहीत. माझ्या अंगात आलं. पेन्सिल सरसावून मी विचारलं, "नि आता? आता, ह्या घडयेक, किती दुखता?"

बाबांनी माझ्या कागदावरून डोळे काढले, पुन्हा एकदा वॉर्डकडे पाहिलं, आणि म्हणाले, "येक."

माझं डोकं सटकलं. "बाबा, तुमी खोटां बोलतास!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. "माझ्यापाशी खोटां, डाक्टरांपाशी खोटां! मेल्यार खरां सांगतलास?"

बाबा मग हळूच म्हणाले, "मी कधी खोटां बोललंय गो?"

आणि ते खरं होतं. माझ्या पन्नास वर्षांत मी त्यांना एकदाही खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. मी बाहेर गेले, पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले आणि पदर तोंडात कोंबून रडले. राग होता, पण त्याच्याखाली नुसती भीती होती. माणूस माझ्या डोळ्यांसमोर दुखण्याने पिळून निघत होता, औषध दहा पावलांवर होतं, आणि मधे एक आकडा अडकला होता.

पाचव्या दिवशी सकाळी दाराजवळच्या खाटेवरचे गृहस्थ बरे होऊन घरी गेले. जाताना सगळ्यांना नमस्कार करून गेले. मग फेरी आली.

"आजोबा, दहापैकी किती?"

बाबा म्हणाले, "दीड."

डॉक्टरने दीड लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळली. पण मी गणिताची बाई. मला दीड पचेना. चार दिवस एक, एक, एक, आणि आता हा अर्धा कुठून उगवला? दुखणं वाढलं असेल तर दोन म्हणा, तीन म्हणा. दीड?

"बाबा, ह्यो अर्धो खयसून हाडलास?"

"अगो, तो दारातलो गेलो मां घराक," बाबा म्हणाले, जणू मीच मंद. "तेचो वाटो उरलो. अर्धो माका, नि अर्धो त्या कोपऱ्यातल्याक. तेका जास्तीच दुखता."

कोपऱ्यात माडावरून पडलेला तिशीतला एक गडी होता, दोन्ही पाय बांधलेले.

मी वॉर्डातल्या खाटा मोजल्या. दहा. बाबांनी ह्या खाटा पहिल्याच संध्याकाळी मोजल्या होत्या.

"बाबा," मी विचारलं, "दहातले किती म्हणजे काय, असा तुमका वाटला?"

"काय म्हणजे? दाक्तरीण येता, सगळ्यांका इचारता, दहातले किती होये. खाटी दहा, माणसा दहा. औषद सगळ्यांचा येकच येता, त्या ढकलगाडयेवरसून. मी काय जाळावालो की होडयेवालो? माका येकच." मग आवाज खाली आणून त्यांनी समोरच्या खाटेकडे हनुवटी केली. "तो बग, रोज सात मागता. हावरो आसा वायच. पण मरांदे. दुखण्यात माणूस हावरो जाता. सगळ्यांचे मिळान दहाच्या वर जातत, म्हणान मी आपलो येकार रवलंय."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही झालं. पाच दिवस माझा बाप त्या खाटेवर पडून वाटे घालत होता. आणि त्याचा हिशेब जमत नव्हता, म्हणून स्वतःचा वाटा वाढवून घेत नव्हता.

मी समजवायला गेले. "बाबा, तां तसा नाय. ह्ये दहा तुमचे एकट्याचे. परत्येकाचे दहा वेगळे."

"वेगळे?" बाबांनी भुवया वर केल्या. "मगे तेचो सात नि माजो सात सारखो कसो? तूच सांगतंस मां, माप सगळ्यांका येकच होया?"

सव्वीस वर्षं मी पोरांना मापन शिकवतेय. खरंच की. माडावरून पडलेल्याचे सात आणि समोरच्याचे सात एकमेकांना लावून कोणी पाहिलेत? मीटर आहे, किलो आहे, सेकंद आहे. दुखण्याचं मूळ माप जगात कुठल्याच काचेच्या कपाटात ठेवलेलं नाही. ज्याचे हात त्याचा वाव, तसं हे ज्याचं अंग त्याचे दहा. आणि तरी डॉक्टर सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होती, कारण माणसाच्या आत शिरायला तिच्याकडे दुसरं दार नव्हतं.

मी उठले आणि डॉक्टरला गाठलं. सगळं सांगितलं, रापणीसकट. ती हसेल असं वाटलं होतं. तिने चष्मा काढला आणि डोळे चोळले. "म्हणजे पाच दिवस ते स्वतःचं औषध बाकीच्यांना देत होते," ती म्हणाली.

ती माझ्याबरोबर परत आली, खाटेच्या कडेला बसली. "आजोबा, औषध कमी नाही. भरपूर आहे. तुम्ही जास्त घेतलंत तरी कोणाचं कमी होणार नाही."

बाबा गोड हसले. अशी हसणारी माणसं ऐकत नसतात. "तुमी माज्यासाठी सांगतास. माका कळता."

मग तिने मला विचारलं, "तुमच्याकडे एखाद्याला त्याचा वाटा मिळाला, पुरला, हे बाकीच्यांना कसं कळतं?"

"तो सांगतो," मी म्हटलं. "तिथेच उभा राहून. माजो वाटो माका पावलो, म्हणतो. तसं म्हटलं की झालं. मग त्याची काळजी करायची नाही."

वॉर्डात काही लपून राहत नाही. माझ्या ओरडण्यापासून सगळ्यांचे कान आमच्याकडेच होते. कोपऱ्यातून तो माडावरचा गडी, पाय हलवता येत नव्हते म्हणून कोपरावर उठून, म्हणाला, "आजोबानू, माजो वाटो माका पावलो. माका आता बरां वाटता. माज्यासाठी ठेव नकात."

बाबांनी तिकडे पाहिलं.

समोरचा सातवाला खाकरला. त्याने बहुतेक हावरा हा शब्द ऐकला असावा, कारण त्याचे कान लाल झाले होते. "माका पण पावलो, आजोबा. सातय पावले. पोटभर पावले." सगळे हसले, तोही हसला, आणि हसताना पोट धरून कळवळला. मग त्याच्या शेजारचा. मग खिडकीतला. एकेकजण सांगत गेला, माजो माका पावलो, माका पावलो. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. एका म्हाताऱ्या गृहस्थांना बोलता येत नव्हतं, नाकात नळी होती. त्यांनी उताणा हात वर केला, तळवा दाखवला आणि खाली ठेवला. आठही जणांचं झालं.

बाबा बोटांवर मोजत होते. आठवं बोट मिटलं तेव्हा त्यांनी श्वास सोडला, आणि कठड्यावरचा हात पाच दिवसांनी पहिल्यांदा सुटून चादरीवर आला.

"आता तुमचा, आजोबा," डॉक्टर म्हणाली.

बाबांचा खालचा ओठ थरथरायला लागला. आई गेली त्या दिवशीसुद्धा मी त्यांचा ओठ असा पाहिला नव्हता.

"नऊ," ते म्हणाले.

नऊ. पाकटाच्या काट्याच्या वर. पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ, नऊ घेऊन बसला होता माझा बाप, आणि मी त्याला भर वॉर्डात खोटारडा म्हटलं होतं. डॉक्टर उठून झपझप सिस्टरकडे गेली. बाबा पुढे साडेतीन महिने होते. शेवटपर्यंत तोंडवलीत, आपल्या पडवीत. औषधाचं प्रमाण नीट बसल्यावर ते खाटेवर पाठ टेकून झोपायचे, किनाऱ्यावरून ओरडून कोणी आज काय मिळालं ते सांगितलं की मान हलवायचे. ते सगळं त्या एका शब्दावर उभं होतं. पण तेव्हा मला पुढचं काही माहीत नव्हतं. मी नुसती रडत होते, आणि रडता रडता माझा मेला स्वभाव काही जाईना.

"नऊच कित्याक?" मी विचारलं. "आता तरी वाटे घालू नकात, बाबा. सगळ्यांका पावले. दहा असतीत तर दहा सांगा."

"आसत दहाच," बाबा म्हणाले. "येक तुका ठेवलंय."

मला कळलं नाही.

"तूय दुखतंस मां?" त्यांचा तो खरखरीत हात माझ्या मनगटावर आला. "पाच दिस बगतंय. त्या इस्टुलार बसान रवलंस. जेवक नाय, न्हिजाक नाय. दाक्तरीण सगळ्या खाटींका इचारता. तुका कोणीच इचारूक नाय."

मी कपाळ खाटेच्या कठड्याला टेकवलं. लोखंड अजून त्यांच्या हाताने गरम होतं. औषध तसं वाटता येत नाही, दुखणं तसं मोजत नाहीत, माझे दहा वेगळे आणि तुमचे दहा वेगळे, हे सगळं मी दहा मिनिटांपूर्वीच त्यांना समजावलं होतं. पुन्हा समजवायचं माझ्या मनात आलं नाही.

"घे गो बाय," ते म्हणाले. "माका नऊ पुरे."

"पावलो, बाबा," मी म्हटलं. "माजो माका पावलो." तेवढ्यात सिस्टर औषध घेऊन आली, आणि मी तिला जागा द्यायला स्टूल मागे ओढलं.